क्रोनोग्राफचा सेकंदकाटा शून्यावर येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं) घड्याळ सात-आठ वर्षं कपाटात बंद पडून होतं. आत व्हाल्जू ७७५० मशीन आहे, ताशी २८,८०० ठोक्यांचं. चावी देताच चालू झालं, तेव्हा घरात सगळ्यांना भरून आलं. वेळही बरी दाखवतंय.

अडचण अशी: वरच्या बटणानं क्रोनोग्राफ सुरू होतो, त्याच बटणानं थांबतो. मग खालचं बटण दाबलं की मिनिटांचा आणि तासांचा छोटा काटा बरोबर शून्यावर येतो, मधला सेकंदकाटा मात्र दर वेळी दोन सेकंद पुढेच थांबतो. फरक नेहमी तेवढाच असल्यामुळे काटा आपल्या दांड्यावर सरकला असावा, असं मला वाटतं. काट्याला शून्यावर आणणारा हृदयाच्या आकाराचा कॅम (चकती) किंवा त्यावर आपटणारा हॅमर बिघडला असता तर फरक कमी-जास्त झाला असता ना? नुसता काटा काढून नीट बसवला तर भागेल का?

शिवाय वरचं बटण फारच जड लागतं. क्रोनोग्राफ सुरू-बंद करायला कॉलम व्हील (खांबांचं चाक) असलेल्या मशीनपेक्षा त्यासाठी कॅम वापरणाऱ्या, या घड्याळासारख्या मशीनचं बटण कडक असतं हे माहीत आहे, पण अंगठा दुखेपर्यंत? तेल सुकलं असेल तर जोर लावून मी आतले भाग झिजवतोय, या धास्तीनं सध्या क्रोनोग्राफ वापरणंच थांबवलंय.

पूर्ण सर्व्हिसिंग आधी करावं का? कारागिराकडे नेताना कोणते प्रश्न विचारू? जाणकारांनी कृपया सांगा.