जुन्या वेबसाइटवरची कानबाईची गाणी परत वाचता येतील का?

अमळनेरकर:
राम राम मंडळी. आमच्या काकांनी 2003-04 च्या सुमारास एका फुकट होस्टिंगवर अहिराणी गाण्यांची साइट केली होती, कानबाई या आपल्या खानदेशातल्या देवीची गाणी, हळदीची गाणी, सगळी गावातल्या बायकांकडून लिहून घेतलेली, काही ठिकाणी ऑडिओपण होता. ते होस्टिंग कधीच बंद पडलं अन् वही पण राहिली नाही. वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) पत्ता टाकला तर पान उघडतं पण गाण्यांच्या जागी नुसती टिंबं-टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. सांगणाऱ्या बऱ्याच आज्या आता नाहीत हो, म्हणून काही करून हे पाहिजे. निघेल का यातून काही?

केळीवाला_रावेर:
निघेल भाऊ, मजकूर शाबूत आहे, काळजी करू नका. तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे आलेलं नव्हतं. पानात 'क' म्हणून 'क' साठवलेलाच नसायचा, कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच, फॉन्ट फक्त त्या जागी देवनागरी आकार काढायचा, आता तो फॉन्ट तुमच्याकडे नाही म्हणून गिचमिड दिसतंय. पान उघडून कंट्रोल-यू दाबा, सोर्समध्ये 'फॉन्ट फेस' शोधा, पुढे शिवाजी किंवा डीव्ही-टीटी योगेश असलं काहीतरी नाव असेल. त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, दुसऱ्याचा लावला तर कचराच मिळेल.

धुळ्याची_ताई:
बरोबर. पण दादा, कन्व्हर्ट झालं की एकेक ओळ डोळ्याखालून घालाच. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर येते, रफाराचं बरोब्बर उलटं, म्हणून 'सर्व'चं 'सवर्' होतं. आणि लाल रेघ दिसली म्हणून 'मना' (माझा), 'तुना' (तुझा) काही सुधारत बसू नका, काकांनी जसं लिहिलंय तसंच राहू द्या, प्रमाण मराठी करायला गेलं की गाण्याची चालच मोडते.

अमळनेरकर:
ताई, भाऊ, सापडलं! शिवाजी फॉन्ट निघाला. पहिलं गाणं वाचता आलं, आईला लगेच म्हणून दाखवलं. ऑडिओच्या लिंकवर मात्र छोटीशी .रॅम फाइल उतरते, वाजत नाही.

केळीवाला_रावेर:
वा! ती रिअल ऑडिओची फाइल. .रॅम म्हणजे फक्त चिठ्ठी, आवाज .आरएम फाइलमध्ये असतो. नोटपॅडमध्ये उघडा, आत पत्ता दिसेल, तोच वेबॅकमध्ये टाका. नाही मिळाला तर साइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ आणि तारा टाकून शोधा, त्या साइटची जेवढी पानं-फायली जपल्या गेल्या त्यांची यादी येते. .आरएम हाती लागली तर व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवून बघा. खरं सांगतो, मोठ्या फायली बऱ्याचदा जपल्याच गेलेल्या नसतात.

शहादा_मास्तर:
याहूने 2009 मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद केली तेव्हा आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून लोकांची घरगुती पानं उतरवून ठेवली होती, आपल्या गाण्यांसाठी असं कोण धावणार, आपणच ना. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, आहे आणि तो आज घरबसल्या वाचता येतो, कारण कोणीतरी स्कॅन करून टाकला. तुम्ही पण मजकूर तपासून झाला की वेबॅक मशीन चालवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर टाका, गाव लिहा, आज्यांची नावं मात्र घरच्यांना विचारूनच. अन् कानबाईला ज्या बाया अजून गातात त्यांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग यंदाच करून घ्या.