हिमालयात जायचंय, परमिटचं कसं करावं? (परभणी-जालना-बीडकडच्यांनी सांगा)

दुधनाकाठ (सेलू)

रामराम मंडळी. आम्ही चौघं मित्र. दोघं शिक्षक, एक कृषी सेवा केंद्रवाला आणि मी. अंतूर, देवगिरी, कळसूबाई, हरिश्चंद्रगड असं फिरून झालं. आता मे महिन्याच्या सुट्टीत हिमालयात जायचं म्हणायलोत. एकाला उत्तराखंडातलं रूपकुंड तळं बघायचंय. दुसऱ्याला थेट सहा हजार मीटरचं शिखरच पाहिजे, त्यानं लडाखच्या स्टोक कांगरी शिखराचे व्हिडिओ बघून ठेवलेत. व्हॉट्सॲपवर एका ट्रेकवाल्याशी बोललो. तो दोन्हीला हो म्हणतो, वर "परमिटचं टेन्शन घेऊ नका दादा, सगळं पॅकेजमध्ये आहे." पण त्यानं पाठवलेल्या पत्रकात परमिट हा शब्दच नाही.

नेमकं काय लागतं, कुठं काढायचं, इथून कोणते कागद न्यायचे? आणि एक. माझा मेव्हणा दुबईला असतो. तिथं डोंगरात रेंज नसते म्हणून येताना सॅटेलाईट फोन आणतो म्हणायलाय. आणू द्यावा का?

बालाघाटी (बीड)

दोन्ही बेत गेले समजा. ऑगस्ट 2018 मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे तिकडच्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. वाटेवरच्या आली-बेदनीच्या कुरणांवर तंबू ठोकल्याशिवाय रूपकुंड व्हायचं कसं? स्टोक कांगरी 2020 पासून बंद झालं. इतकी गर्दी वाढली की खालच्या स्टोक गावाचं पाणी खराब व्हायला लागलं, गावकऱ्यांनीच बंद करायला लावलं.

या दोन्हीला हो म्हणणाऱ्या ट्रेकवाल्याचा नंबर आधी डिलीट करा.

कातळवाट (संभाजीनगर)

बालाघाटी बरोबर. आता परमिटचं सांगतो. लोक सगळ्याला एकच "परमिट" म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. कागद तीन जातीचे असतात, देणारी दारंही तीन.

पहिलं वनखात्याचं. वाट राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून जात असेल तर हे लागतंच, आणि हिमालयातल्या बहुतेक गाजलेल्या वाटा तशाच आहेत. केदारकांठा आणि हर की दून गोविंद अभयारण्य-उद्यानाच्या हद्दीत येतात, सांक्रीच्या अलीकडं नैटवाडला चौकी आहे, तिथं नोंद आणि शुल्क. गंगोत्री-गोमुखला दिवसाला 150 माणसांचीच मर्यादा आहे. मे-जूनमध्ये ती भरते, म्हणून गंगोत्रीला पोचल्यावर बघू असं करू नका.

दुसरं इनर लाइन, म्हणजे सीमाभागात जायची परवानगी. तिबेटच्या सीमेजवळच्या वाटांना आपण भारतीय असलो तरी लागतं: नेलांग, मिलम, आदि कैलास. हे वनखातं देत नाही, जिल्हा प्रशासन देतं. लडाखमध्ये भारतीयांना 2021 पासून इनर लाइन लागत नाही, मात्र पर्यावरण शुल्क भरून त्याची पावती जवळ ठेवावी लागते. लोक "लडाख फ्री झालं" एवढंच ऐकून जातात अन् चौकीवर अडकतात.

तिसरं शिखराचं. खिंड ओलांडणं वेगळं, शिखर चढणं वेगळं. लडाखमधल्या कांग यात्से सारख्या शिखराला दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी काढतात. त्यात चमूची यादी, म्होरक्याचा अनुभव, तारखा, शुल्क असं सगळं येतं. सोबत एखादा परदेशी मित्र असेल तर नियमच बदलतात, त्याचं आधीच विचारून घ्या.

ट्रेकवाल्याला एकच गोष्ट मागा: निघायच्या आधी परमिटची प्रत, त्यावर तुमची चौघांची नावं, वाटेचं नाव आणि तारखा. "ग्रुप परमिट आहे, नावं नसतात त्यात" असं कुणी म्हणालं तर दुसरीकडं बघा. आणि सहा हजारवाल्या मित्राला सांगा, आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंग, मनालीचा बेसिक कोर्स कर. साधारण महिनाभराचा असतो. कळसूबाई 1646 मीटर आहे हो. तिथून सहा हजारांवर उडी मारायची म्हणजे चौथीतून थेट बारावीला बसवणं.

रानवाट

एवढं काही नसतं लागत. आम्ही गेलो तेव्हा चौकीवर गाईडनं दोनशे-पाचशे हातात ठेवले की सोडलं. उगं घाबरवू नका नव्या लोकांना.

कातळवाट

पैसे घेऊन सोडलं म्हणजे वहीत नाव नाही. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्र ताल भागात कर्नाटकचा 22 जणांचा चमू खराब हवामानात अडकला, 9 जण गेले. अशा वेळी शोधायला निघालेल्यांना आत किती माणसं आहेत, कुठल्या वाटेनं गेली, कधी परतायची होती, हे चौकीच्या नोंदीवरूनच कळतं. तुमच्या पाचशे रुपयांनी तेवढी एक ओळ वाचवली, बाकी काही नाही.

थुराया नको (नांदेड)

सॅटेलाईट फोनचं मी सांगतो, कारण गावोगाव हाच प्रश्न येतो. आणू देऊ नका. भारतात दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय सॅटेलाईट फोन जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे फोन तर चालतच नाहीत. दुबईत दुकानात उघड मिळतो म्हणून इथं चालतो असं नाही. विमानतळावर सामानात सापडला म्हणून परदेशी पर्यटकांना अटक झालीय. गार्मिनची ती छोटी इनरीच यंत्रं येतात, मेसेज पाठवायची, तीही यातच धरतात. मेव्हणा विमानतळातून बाहेर यायच्या आधीच पोलीस ठाण्यात जाईल. परवानगी घेऊन वापरायचाच तर बीएसएनएलची इनमारसॅट सेवा आहे, पण चार मित्रांच्या ट्रेकला ती कुठं घेऊन बसता!

ड्रोनचंही तेच. आंतरराष्ट्रीय सीमेजवळचा पट्टा रेड झोनमध्ये येतो, म्हणजे तिथं सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन बॅगेत टाकून जाणारे फोटोग्राफर आपल्याकडं कमी नाहीत.

लडाख किंवा काश्मीरला गेलात तर इथलं प्रीपेड सिम चालत नाही. पोस्टपेड लागतं.

दुधनाकाठ

मेव्हण्याला लगेच कळवलं. एक शंका, मेडिकल सर्टिफिकेट आमच्या गल्लीतल्या डॉक्टरचं चालेल का? तो मागितलं की देतो.

डॉक्टर_मांजरा (लातूर)

नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरचं चालतं, प्रश्न तो नाही. "मागितलं की देतो" हाच प्रश्न आहे. माझ्याकडं लोक फॉर्म घेऊन येतात, खुर्चीवर बसायच्या आधी सही मागतात. मी कफ बांधून बीपी बघायला लागलो की चुळबुळ सुरू. चाळिशीच्या पुढं असाल तर ईसीजी करूनच घ्या. साखर असेल तर फॉर्मवर लिहा, लपवून उपयोग नाही, वर कुणी विचारणार नाही आणि तुमचं तुम्हालाच भोगावं लागेल.

आपण राहतो चार-सहाशे मीटरवर. शरीराला उंचीची सवय शून्य. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम ट्रेकवाल्याच्या कार्यक्रमाशी ताडून बघा. सुट्ट्या कमी म्हणून मुक्काम कापणारे पुष्कळ. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) दुकानातून स्वतः घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही. बसा, नाहीतर खाली या.

तेरणा

विषय निघालाच तर, आईवडिलांना आदि कैलास-ओम पर्वतला न्यायचंय. रस्ता झाला म्हणतात, मग परमिट लागतं का?

कातळवाट

लागतं. रस्ता झाला तरी इनर लाइन तीच. धारचूलाच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळतं. आधार, फोटो, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी एवढं तयार ठेवा. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पुढं ठाण्यातून फोन येतो आणि तिथं दिवस जातात. तिकीट काढायच्या आधी अर्ज टाका.

दुधनाकाठ

आमचं मग हर की दून ठरायलंय. परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून देहरादून, सांक्री. सहा हजारवाला अजून कुरकुरतोय, म्हणतो नेपाळला गेलो तर कुणी विचारत नाही.

बालाघाटी

नेपाळ तर उलट जास्त विचारतं. व्हिसा लागत नाही एवढंच. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजे, आधारवर बसवत नाहीत. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर सगरमाथा उद्यानाचं वेगळं शुल्क आहे, आपल्याला सार्क देश म्हणून इतर परदेशींपेक्षा निम्मं पडतं. अन् त्याला खुद्द एव्हरेस्टच चढायचं असेल तर सप्टेंबर 2025 पासून नुसतं परमिट 15,000 डॉलरचं झालंय, आधी 11,000 होतं. कृषी केंद्र विकून बघा म्हणावं.