भुताला काय हवे असते? जुन्या वास्तू, दंतकथा आणि आपले अनुभव

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पगार थकल्याने बिथरलेले गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि चुलत्याच्या आश्रयाला धावलेल्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी ठार मारले. 'काका, मला वाचवा' ही हाक तिथे रात्री-बेरात्री अजून ऐकू येते, हे पुण्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माझी आजी मात्र ही गोष्ट सांगून झाली की भिववण्याऐवजी दहाव्याच्या पिंडाबद्दल बोलायची. कावळा शिवेना की घरचे लोक हात जोडून 'तुमच्या मुलीचे लग्न आम्ही करून देऊ' असे काहीतरी कबूल करतात. ज्यांना असे विचारणारे कोणी भेटले नाही, तेच मागे रेंगाळतात, असे तिचे म्हणणे होते.

म्हणून हा धागा. अनुभव लिहिताना जागा, वेळ आणि सोबत कोण होते हे अवश्य लिहावे. ऐकीव गोष्ट असेल तर ती कोणाकडून ऐकली, तेही सांगावे. आणि त्या गोष्टीतल्या भुताला नेमके काय हवे असते, ते आवर्जून नोंदवावे.

शनिवार पेठ, पुणे

आमचे बिऱ्हाड शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका जुन्या वाड्यात होते. मी नववीत असताना भाद्रपदातल्या एका रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली आणि बाहेरून 'काका' अशी एकच हाक स्पष्ट ऐकू आली. आवाज कोवळा होता, पण लहान मुलाचा नव्हता. शेजारच्या गादीवर वडील उठून बसलेले मला दिसले. त्यांनी दिवा लावला नाही, मीही काही विचारले नाही, आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. सकाळी चहा पिताना ते एवढेच म्हणाले, "ऐकलंस ना? कोणाला सांगू नकोस. सांगितलंस तर आपण उठून खिडकी उघडली नाही, हेही सांगावं लागेल."

त्या हाकेत भूत होते की रस्त्यावरचा कोणी अडचणीत सापडलेला मुलगा होता, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि दुसरी शक्यता मला पहिलीपेक्षा अधिक छळते. १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्यात जोत्यांखेरीज फारसे काही उरलेले नाही. दिवसा तिथे गेलो तरी माझे पाय नारायण दरवाजापाशी थबकतात, कारण नारायणरावांचा छिन्नविच्छिन्न देह त्याच वाटेने बाहेर नेला, असे सांगतात.

सदाशिव पेठ, पुणे

वरच्या अनुभवाला जोडून एक दुरुस्ती सुचवते. आमच्याकडे काही जण या भुताला मुंजा म्हणतात, ते बरोबर नाही. मुंज झालेला पण सोडमुंजेआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, अशी समजूत आहे. नारायणरावांचे लग्न झालेले होते आणि त्या दिवशी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, तो सवाई माधवराव. आणि १७९५ मध्ये त्याच शनिवारवाड्यात वरून पडून तोही गेला. ऐन गरोदरपणी नवऱ्याचा खून सोसलेल्या गंगाबाईंची एकही दंतकथा मी ऐकलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आरवली, जि. सिंधुदुर्ग

आमच्या वेतोबाला लोक भुताखेतांचा अधिपती मानतात. त्याला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. लहानपणी मी एका जोडाच्या टाचेवरून बोट फिरवून पाहिले होते. बाहेरच्या कडेचा थर खरोखरच पातळ झाला होता आणि शिवणीत लाल माती बसली होती.

त्याच मे महिन्यात शिरोड्याहून मामाबरोबर रात्री चालत येताना मागे वहाणांची करकर ऐकू आली. आम्ही थांबलो की ती थांबे, चालू लागलो की पुन्हा सुरू होई. मी मामाचा हात घट्ट धरला. त्याने वळून न पाहता वाटेच्या कडेला सरून जागा करून दिली आणि मला म्हणाला, "तो भियवूक येणा नाय, सोबतीक येता." घराचा दिवा दिसेपर्यंत करकर मागून येत राहिली. त्याला काय हवे असते, असे विचाराल तर नवा जोड, एवढेच मला सांगता येईल.

वसई

चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकराला त्या आजही आहेत. किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये तिन्हीसांजेला घंटेचा नाद येतो, असे माझे आजोबा सांगत. मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा गेलो. मला वटवाघळांच्या पंखांखेरीज काही ऐकू आले नाही. ते मात्र दरवेळी टोपी काढून उभे राहत.

नागपूर

आमच्या वंशावळीत एका नावापुढे 'पानिपतावर पडले' एवढीच नोंद आहे. १४ जानेवारी १७६१ ला गेलेल्यांपैकी कितीतरी जणांचे देह घरी आलेच नाहीत, आणि पार्वतीबाईंनी तर सदाशिवरावभाऊ गेले हे अखेरपर्यंत मानले नाही. पानिपतला काला आंब नावाची जागा आहे. तिथल्या आंब्याचे फळ कापले की रक्तासारखा काळा रस निघे, अशी आख्यायिका आहे. मी एकटाच दुपारी गेलो होतो. काही दिसले नाही, ऐकू आले नाही. फक्त घशात आवंढा दाटला. संक्रांतीच्या डब्यातले तीळ नेले होते, ते पाण्यात घालून मी ओंजळीने सोडले. रखवालदाराने "किसके नाम का है?" असे विचारल्यावर मी वंशावळीतले ते नाव सांगितले, आणि मोठ्याने उच्चारण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

शनिवार पेठ, पुणे

पुन्हा लिहितो आहे, कारण काहींनी पुढे काय झाले असे विचारले आहे. आमचा वाडा उतरवला आणि तिथे इमारत उभी राहिली. वडील आता नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि भाद्रपदात रात्री त्या बाजूची खिडकी उघडी ठेवतो.