मदत हवी आहे: साचेखात्यातून घरी आलेला माणूस

नमस्कार मंडळी. गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागावर, दीर्घकथा लिहितेय. पहाटे पाच ते साडेसहा, कुकर लावायच्या आधी, ओट्याशेजारी वही घेऊन बसते. तेवढाच वेळ माझा. बाकीचं डोंबिवली-दादर लोकलमध्ये मोबाइलवर टिपते, जागा मिळाली तर.

माझा नायक परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या (साच्यांच्या) विभागात, बदली कामगार आहे; कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच त्याला काम मिळतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे सगळं वाचलंय. पण नुसत्या आकड्यांनी माणूस उभा राहत नाही. परवा लिहिलं, 'तो घरी आला, कानात अजून साचे धडधडत होते,' आणि पेन तिथेच अडलं. घरातही तो मोठ्यानेच बोलायचा का? केसांतला कापूस कोण झटकायचं? बदलीवाल्याला आज काम नाही हे गेटवर कळलं, की तो दिवसभर कुठे जायचा?

तुमच्या घरात कुणी साचेखात्यात होतं का? खानावळीत जेवलेलं कुणी? आई-आजीने सांगितलेली बारीकशी आठवणही चालेल. कुणाचंही नाव वापरणार नाही. आजोबांना बोलायचं असेल तर घरी येऊन ऐकेन, रविवारी अख्खा दिवस मोकळी आहे.