रुग्णालयांशी करावयाच्या बिलिंग कराराबाबत मार्गदर्शन हवे आहे

सस्नेह नमस्कार. कोल्हापुरातील राजारामपुरीत आम्ही दोघी बहिणी लहान रुग्णालयांसाठी कॅशलेस विम्याचे दावे तयार करून टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) पाठवण्याचे काम करतो. आजवर ते तोंडी बोलीवरच चालले. गेल्या महिन्यात मात्र डिस्चार्ज समरीवर डॉक्टरांची सही नसल्यामुळे नामंजूर झालेल्या एका दाव्याची रक्कम रुग्णालयाने आमच्या मेहनतान्यातून कापून घेतली. कागद आमच्याकडेच अपुरा आला होता, हे सांगूनही उपयोग झाला नाही आणि त्याचे फार वाईट वाटले.

म्हणून आता लेखी करार करावयाचा आहे. शुल्क मंजूर रकमेच्या टक्केवारीने घ्यावे की प्रत्येक फाइलमागे ठरावीक, आणि विमा कंपनीने शंका काढल्यास रुग्णालयाने किती दिवसांत कागद पुरवावेत, ही कलमे कशी लिहावीत? टक्केवारीमुळे बिल फुगवण्याचा मोह शिरतो, त्यामुळे माझा कल ठरावीक दराकडे आहे. आमची उद्यम नोंदणी झालेली असून, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, हे कलम घालणारच आहे.

रुग्णांच्या कागदपत्रांची गोपनीयता आणि करार संपल्यावर ती परत करण्याची पद्धत यांचा मसुदा कोणाकडे असल्यास, किंवा कोल्हापुरात असे करार करून देणारे वकील माहीत असल्यास, कृपया कळवावे.