सर्वांत मोठा ख्यालगायक कोण? नाव सांगा, आणि कानांनी काय ऐकलं तेही सांगा

मैफलीत गवई एकटाच असतो. मागे दोन तानपुरे, बाजूला तबला-पेटी, पण राग उभा करायची जबाबदारी त्याच्या एकट्याची. अशा पुरुष गायकांत सर्वांत मोठा कोण, हा वाद आपल्याकडे कधीचा चालू आहे आणि बहुतेक वेळा तो घराण्याच्या अभिमानात अडकतो. म्हणून इथे अट एकच: स्वतः जे ऐकलंत, समोर बसून किंवा ध्वनिमुद्रणातून, त्याच्या बळावर बोला. पुरस्कारांची यादी नको, ती सगळ्यांना पाठ आहे. वादक आणि सिनेगायकही नकोत. रफी-किशोर हा स्वतंत्र विषय आहे.

सदाशिव पेठ, पुणे

भीमसेनजी. दुसरं नाव माझ्या मनात येत नाही.

रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात मी तिथे सतरंजीवर बसून ऐकलं आहे. गुरू गेल्यावर १९५३ साली त्यांच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं भीमसेनजींनी तो अंगाखांद्यावर वाहिला. आलेल्या कलाकारांचं बघायचं, आणि शेवटच्या पहाटे स्वतः गायला बसायचं. समोर रात्रभर जागलेले लोक, कुणी शालीत गुरफटलेले, कुणी भिंतीला टेकून पेंगणारे. तोडी रागाचा षड्ज (‘सा’) लागला की सगळे ताठ बसायचे. मंद्रातून निघालेली तान तारसप्तकाला जाऊन परत येईपर्यंत आपलाच श्वास अडकायचा.

पण माझ्यासाठी त्यांचं मोठेपण त्या मांडवाबाहेरही आहे. ख्यालाची बैठक कधी पाहिली नाही अशा माणसांनी त्यांचे अभंग आयुष्यभर ऐकले. त्या अभंगांत त्यांनी गाणं सोपं करून टाकलं नाही. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चालींत तोच किराणा घराण्याचा स्वर, तोच दम आहे. आळंदीच्या वाटेवर आणि सवाईच्या मंचावर एकच गळा तितक्याच मानाने ऐकला जातो, असा दुसरा गवई मला दाखवा.

दादर, मुंबई

भीमसेनांच्या आवाजाबद्दल वाद नाही. पण राग किती? शुद्ध कल्याण, पूरिया, मुलतानी, तोडी, मालकंस, अभोगी, फिरून तेच. सर्वांत मोठा म्हणायचं तर विस्तारही हवा.

सदाशिव पेठ, पुणे

पूरिया तोच असेल, पण मी तो दोनदा सारखा ऐकलेला नाही. एका रागात आयुष्यभर नवं सापडत असेल तर त्याला मी उणेपणा मानत नाही.

धारवाड

आम्ही धारवाडचे मराठी लोक, त्यामुळे हा वाद आमच्या घरातलाच. भीमसेन गदगचे, कुमार बेळगावजवळच्या सुळेभावीचे, गंगूबाई हुबळीच्या. मन्सूर तर आमच्या वेशीवरचं गाव.

माझं मत मल्लिकार्जुन मन्सूरांना. बाकीचे गवई रागाच्या घरात शिरण्याआधी अंगणात थोडे रेंगाळतात. अण्णा, म्हणजे मन्सूर, पहिल्या समेलाच, तालाच्या पहिल्या मात्रेवरच, आत असायचे. सावकाश वाढणारी आलापी नाही, विलंबिताचा फार पसारा नाही. मध्यलयीत बंदिश उचलली की तिच्याच अंगाने सगळं चाललंय: आलाप, बोल, तान, एकात एक गुंतलेले. जयपूर-अत्रौली घराण्याची ती पेचदार तान कुठून वळेल याचा अंदाज लागत नाही, आणि समेवर येते तेव्हा वाटतं, हिला दुसरी वाटच नव्हती. तालीम मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांची. त्याआधी मिरजेत नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याचा पाया.

आणि दादरकरांनी विस्तार विचारला म्हणून सांगतो. शिवमत भैरव, खट, संपूर्ण मालकंस, लाजवंती, अडंबरी केदार. ही नावं बहुतेकांनी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली असतील. दोन राग जोडलेले असले तरी सांधा कुठे ते कळू द्यायचे नाहीत. देशभर नाव व्हायला साठी उलटावी लागली, तरी म्हातारपणी आवाजात तक्रारीचा एक सूर नाही. १९९२ मध्ये गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणं ऐका, शरीर थकलेलं आहे आणि गाणं ऐन तारुण्यात.

नाशिक

द. वि. पलुसकर. आमच्या नाशिकला जन्मले. १९५५ साली गेले तेव्हा वय फक्त ३४. इतकं स्वच्छ, इतकं निर्मळ गाणं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. आणखी तीस वर्षं मिळती तर हा प्रश्न विचारावाच लागला नसता, असं मला मनापासून वाटतं.

मिरज

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे होतात. पंढरपूर भागातला भोपळा येतो, तो वाळवायचा, घडवायचा, मग जवारी काढायची, म्हणजे तार टेकते ती घोडी घासून नीट करायची, आणि तारेखाली सुताचा जीव सरकवत राहायचं, तार बोलू लागेपर्यंत. त्यामुळे आम्ही गवई ऐकतो तो आधी तानपुऱ्याच्या बाजूने. याचा षड्ज तारेच्या आत बसतो की वरून तरंगतो?

या कसोटीला माझ्या मते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जवळ कुणी येत नाही. त्यांची जुनी तबकडी, साडेतीन मिनिटांचाही खेळ नाही, खरखर भरलेली. तरीही स्वर लागतो तेव्हा तानपुरा कुठला आणि गळा कुठला, हे मला वेगळं करता येत नाही. श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचा, विचारही त्यांनी केला, सांगलीच्या देवलांबरोबर. १९३७ मध्ये गेले आणि इथेच, मिरासाहेबांच्या दर्ग्यात, त्यांची कबर आहे. दर वर्षी तिथे गवई हजेरी लावतात. पुण्याच्या ताईंनी भीमसेनजींचं नाव घेतलं. त्या गाण्याचं मूळ आमच्या गावात आहे, कारण सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य.

फोंडा, गोवा

मी अभिषेकीबुवांचं नाव घेणार होते, मंगेशीच्या. पण आधी एक बोलते. हा प्रश्न पुरुषांपुरता विचारला की निम्मं गाणं दाराबाहेर राहतं. १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात आपल्या रागसंगीतातला जो आवाज गेला तो केरीच्या केसरबाईंचा. कुर्डीच्या मोगूबाई आणि त्यांच्या लेक किशोरीताई यांच्याशी तुलना न करता मन्सूरांच्या जयपूर गायकीचं मोठेपण कसं मोजणार? पुरुषांत मोठा कोण हे ठरवा, पण त्याला सर्वांत मोठा म्हणू नका.

(धागा काढणाऱ्याकडून)

पटलं. शीर्षकात ‘पुरुष’ हा शब्द हवा होता. इथून पुढे तसंच वाचावं.

माझं स्वतःचं मत आता देतो: कुमार गंधर्व. क्षयाने त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं. देवासच्या त्या आजारपणात त्यांच्या कानावर माळव्याच्या बायकांची गाणी पडत राहिली, आणि राग लोकधुनेतून कसा उगवतो याचा शोध त्यांनी तिथून सुरू केला. पुढे लगनगांधार, मधसुरजा, सहेली तोडी असे नवे राग आले ते याच शोधातून. इतरांनी राग वाढवला, कुमारांनी त्याच्या जन्माची चौकशी केली. शिवाय ‘मला उमजलेले बालगंधर्व’सारखा कार्यक्रम करून एका ख्यालगायकाने नाट्यगायकाचं गाणं उलगडून दाखवायचं, याला किती मोठं मन लागतं! त्यांचे निर्गुणी भजनांतले स्वर मी कठीण दिवसांत ऐकले आहेत आणि मला त्यांनी खरोखर आधार दिला आहे.

इंदूर

मी तबला वाजवतो. आमच्या शहराचे अमीर खाँसाहेब. त्यांच्या झूमरा तालाचा ठेका घरी एकट्याने, नुसता ध्वनिमुद्रणाबरोबर, धरून बघा. चौदा मात्रा, लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मध्ये हात काहीतरी भरायला धावतो. खाँसाहेबांना ते भरणं नको असायचं. साधा ठेका, बस्स. वर ते मेरुखंडाने स्वरांच्या जागा बदलत बदलत जाणार, कुठेही घाई नाही, टाळी मागणं नाही. संगतकाराच्या जागेवरून सांगतो, इतका शांत गवई झाला नाही.

मूर्तिजापूर, जि. अकोला

वसंतराव देशपांड्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं मला वाईट वाटतं. जन्म आमच्या गावचा, १९२०. कितीतरी वर्षं पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी, आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातले खाँसाहेब. ठुमरी, लावणी, नाट्यपद, ख्याल, काहीही द्या, त्यात ते अनोळखी वाटत नाहीत.

ठाणे

इंदूर आणि मूर्तिजापूर यांना एकत्र उत्तर देते, कारण मी सध्या मारवा शिकते आहे आणि दोघांचाही मारवा मनसोक्त ऐकला आहे.

मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि सगळा भार रिषभ-धैवतावर. षड्ज टाळत राहायचा, म्हणून जीव टांगणीला लागतो. अमीर खाँसाहेब धैवतावर थांबतात आणि षड्ज इतका उशिरा देतात की संध्याकाळ उतरल्यासारखी वाटते. वसंतरावांनी हा राग लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून घेतला. त्यांचा मारवा बेचैन आहे: रिषभावर झेप, तिथून तान, पुन्हा रिषभ.

शिकणारी म्हणून मला वसंतरावांचा जवळचा वाटतो, कारण रागाचा धोका त्यात उघड दिसतो. पण मत द्यायचं तर अमीर खाँसाहेबांना देईन. षड्ज न लावता तो ऐकणाऱ्याच्या मनात सतत वाजता ठेवणं मला रियाजात अजून एकदाही जमलेलं नाही, आणि ते त्यांच्याइतकं कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही. धारवाडकरांना विनंती, मन्सूरांचा मारवा कुठे ध्वनिमुद्रित असेल तर सांगा. तो ऐकल्यावर मत बदलायची माझी तयारी आहे.