लिहून पूर्ण झालेल्या पानांवर फुलं-किडे: हुफनागेलने भर घातली की अतिक्रमण केलं?

शाईवेडा
लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात जेमतेम १६.६ बाय १२.४ सेंटिमीटरचं एक हस्तलिखित आहे, 'मीरा कॅलिग्राफिए मोन्युमेंता'. गेओर्ग बोच्काय या दरबारी सचिवाने ते १५६१-६२ मध्ये पवित्र रोमन सम्राट पहिल्या फर्डिनांडसाठी लिहिलं. आरशात धरून वाचावी अशी उलटी अक्षरं, डोळे फोडणारी बारीक अक्षरं, काळ्यावर सोनं-चांदी! मजकूर बराचसा प्रार्थनांचा, पण खरा विषय लेखणीवरची हुकमत. १५७५ मध्ये बोच्काय वारला. पुढे पंधराएक वर्षांनी फर्डिनांडचा नातू सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्यासाठी योरिस हुफनागेल या चित्रकाराने त्याच पानांवर ट्युलिप, नासपती, सुरवंट, चतुर रंगवले. मला हा बोच्कायवर अन्याय वाटतो. आज लोक ते पुस्तक किड्यांसाठी बघतात.

रानफूल
पूर्ण असहमत. बहुतेक पानांवर चित्रं अक्षरांखालच्या रिकाम्या जागेत आहेत. आणि ती नुसती नक्षी नाही. ट्युलिप तेव्हा तुर्कस्तानातून नुकताच युरोपात आलेला. इटालियन निसर्गअभ्यासक आल्द्रोव्हांदीचा कीटकांवरचा ग्रंथ १६०२चा. हुफनागेल त्याआधीच किड्याच्या पायांचे सांधे इतक्या बारकाईने रंगवत होता.

शाईवेडा
सुलेखनात रिकामी जागा रिकामी नसते, तीही लिहिणाऱ्यानेच ठरवलेली असते. शिवाय हुफनागेल प्रत्येक फळाखाली, किड्याखाली सावली टाकतो. त्यामुळे वस्तू पानावर ठेवल्यासारखी उठून दिसते आणि अक्षरं मागे ढकलली जातात.

कुंचला
सावलीचा मुद्दा पटला, निष्कर्ष नाही. एका पानावर त्याने फुलाचा देठ चिरेतून मागे गेल्यासारखा रंगवलाय. चीर खोटी, चर्मपत्र अखंड. पान उलटलं की मागे देठाचा तेवढाच तुकडा रंगवलेला! पान म्हणजे एक वस्तू आहे, तिला पाठ आहे, हे भान त्याला होतं. ते बोच्कायलाही होतं, म्हणून तर उलटी अक्षरं.

रानफूल, तुमच्या 'नुसती नक्षी नाही'वर मात्र शंका आहे. फूल, फळ, शिंपला, किडा एकाच पानावर, आकारांचं प्रमाण सोयीने. ही मांडणी डोळ्यांसाठी आहे, अभ्यासासाठी नव्हे.

रानफूल
मांडणी डोळ्यांसाठीच, पण प्रत्येक जीव निरखलेला. त्याचा 'चार तत्त्वं' हा चित्रसंच वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातल्या अग्नीच्या खंडात किडे आहेत, आणि एका पानावर चतुराचे खरेखुरे पंख चिकटवलेत. पंखाची जाळी जशीच्या तशी दाखवायचीच, हा आग्रह नुसत्या सजावटकाराचा नसतो. १५९२ मध्ये त्याचा मुलगा याकोब याने वडिलांच्या अभ्यासचित्रांवरून फ्रँकफर्टला तांबेपटांचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांचा, संच काढला, त्यावरून पुढे कितीतरी चित्रकार शिकले.

शाईवेडा
मग हे माझ्याच बाजूचं झालं. 'चार तत्त्वं' आणि तांबेपट दाखवतात की त्याच्या किड्यांना दुसऱ्याच्या पानांचा आधार लागत नव्हता.

कुंचला
पानं राजघराण्याची होती, कोणाकडून काय करून घ्यायचं ते रुडॉल्फने ठरवलं. आणि हुफनागेल किड्यांवर थांबला नाही. त्याच हस्तलिखिताच्या शेवटी त्याने रोमन मुळाक्षरं एकेक करून, त्यांची भौमितिक रचना दाखवत रेखली आहेत. बोच्कायला मागे ढकलणाऱ्या माणसाने एवढा वेळ अक्षरांवर का घालवावा?